चिंचेखालचं बेणं

पुढच्या लावणीसाठी राखलेलं हळदीचं बेणं चिंचेखाली असतं, हे सोमेश्वरनं डोळे मिटून सांगितलं असतं. हैदराबादेत गेलेल्या एकोणीस वर्षांत त्यानं पुसेगावचा मळा मनात जसाच्या तसा राखला होता. विहीर, विहिरीला टेकलेली इंजिनाची खोली, तिच्या पाठीशी गोठा, गोठ्यापलीकडं कडुनिंब, आणि बांधाच्या टोकाला लेकुरवाळ्या बाईसारखी पसरून बसलेली चिंच. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की तो डोळे मिटायचा आणि या मळ्यातून एक फेरी मारून यायचा. पाट कुठं ओलांडायचा, कुठल्या दगडावर पाय डगमगतो, सगळं पाठ. बस सिग्नलला उभी असायची आणि सोमेश्वर चिंचेखाली उभा असायचा.

आज तो खराच उभा होता. फाल्गुनातलं ऊन नुकतं तापायला लागलं होतं आणि मळ्यात हळद शिजत होती.

मकबूलभाईचा कुकर कालच येऊन लागला होता. गाड्यावर बसवलेली टाकी, खाली लाकडांचा जाळ, टाकीतून चारी बाजूंनी नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला चार ड्रम. ड्रमच्या झाकणातून पांढरी वाफ शीळ घालत उठायची. तिचा तो वास कडू, गोड, मातकट, थोडा औषधी. जिला एकदा लागला ती साडी सात धुण्यांतही सोडत नाही. सोमेश्वरनं छाती भरून तो वास आत घेतला. त्याची बारा वर्षांची सृष्टी मात्र ओढणी नाकाला लावून दगडावर बसली होती.

"बाबा, हे रोज असं स्मेल करतं?"

"वर्षातून आठ दिवस. त्या आठ दिवसांच्या आठवणीवर मी तिकडं सगळं वर्ष काढतो, पोरी."

मळा सांभाळणारा थोरला भाऊ वैजनाथदादा डिझेल आणायला सेनगावला गेला होता. जाताना त्याचा पाय निघत नव्हता. मोटारसायकल चालू करून तो पुन्हा थांबला होता. "सोमा, बघशील ना? का थांबू मी?"

"दादा, मी काय पाव्हणा आहे का? याच मातीत रांगलोय."

"तसं न्हाई रे," वैजनाथ म्हणाला होता, आणि मोटारसायकल वळवून गेला होता.

शिजवायचे ढीग एकेक करून उतरत गेले. शेवटी मकबूलभाई गमछ्यानं मान पुसत आला. "भैया, त्यो निंबाखालचा ढीग बी घ्यायचा का? पाला टाकून ठेवलेला?"

सोमेश्वरनं कडुनिंबाकडं पाहिलं. मग बांधाच्या टोकाला चिंचेकडं. तिथंही ढीग होता, हळदीच्या वाळल्या पाल्यानं शाकारलेला. लहानपणी असायचा तसाच, त्याच जागी. त्याचा जीव गार झाला.

"घ्या की. बेणं तिकडं आहे, चिंचेखाली. त्याला तेवढं हात लावू नका."

"मी पाला सारून बघितलं. समदे जेठे गड्डेच दिसून राहिले."

"मग काय झालं? गड्डे विकत नाहीत का हल्ली?"

"विकतात तर. बराबर भाव हाय." मकबूलभाईनं चिंचेकडं एकवार पाहिलं. मालकाचा सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर कुकरवाल्यानं किती विचारायचं? त्यानं गड्यांना हाक दिली. दोन ड्रम भरले. झाकणं आवळली. वाफ सोडली.

आणि वाफ चढत असताना सोमेश्वर लेकीपाशी बसून तिला गोष्ट सांगू लागला.

"तुझी आजी, सखुबाई. तिचं माहेर औंढ्याकडचं. तिच्या लग्नात तिच्या बापाकडं द्यायला काही नव्हतं. तेव्हा तिच्या आईनं घरचं हळदीचं बेणं तिच्या ओटीत घातलं. पदराला पिवळा डाग घेऊनच ती या घरात आली. तिच्या आईलाही ते तिच्या आईनं दिलेलं. बेणं माय लेकीला देते आणि सून राखते. विकायचं नाही, लेकाला द्यायचं नाही."

"लेकाला का नाही?"

"लेक काय, विकून खाईल." तो हसला. मग जात्यावर बसलेल्या आईचा आवाज त्याच्या घशात आला, जुना, खरखरीत:

*लेकीच्या गं ओटी, कुणी घाली सोनं-नाणं*
*माझ्या गं बयेनं, दिलं हळदीचं बेणं*

"विहिरीजवळचा तो अर्धा एकर दिसतो? तिथं फक्त आजीचंच बेणं. बाकी सगळं बाजारचं. आजीचं हळकुंड बारीक, वाकडं, पण मोडलं की आतून शेंदरी. ते बेणं तिथं." त्यानं हात लांब करून चिंच दाखवली. सृष्टीनंही मान वळवून भक्तिभावानं चिंचेकडं पाहिलं.

वैजनाथची बायको शकुबाई तेव्हाच भाकरीची पाटी घेऊन बांधावरून उतरत होती. सासू गेल्यापासूनची ही पहिली हळद. पंधरा दिवस तिनं बायकांच्या बरोबरीनं बसून गड्डे मोडले होते, आणि अर्ध्या एकरातला प्रत्येक जेठा गड्डा, हळकुंडं ज्याच्याभोवती फुटतात आणि ज्याचं बेणं होतं तो मधला गोळा, तिनं स्वतःच्या हातानं निवडला होता. किडका बाजूला, मुका बाजूला, डोळे फुटलेला पाटीत. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

ती कडुनिंबापाशी आली आणि थांबली. तिथं ओल्या मातीचा गोल डाग होता आणि चार-दोन पानं.

"भावजी," ती फार हळू म्हणाली, "इथला ढीग कुठं गेला?"

"शिजायला, वैनी. शेवटचाच राहिला होता."

शकुबाईनं पाटी खाली ठेवली नाही, ती तिच्या हातातून उतरली. ती कुकरपाशी गेली. मकबूलभाई तेवढ्यात ड्रम उलटवत होता. वाफाळते गड्डे गोणपाटावर घरंगळले, पिवळेजर्द, गुबगुबीत. तिनं त्यातला एक उचलला. हात भाजला तरी सोडला नाही. डोक्यातला आकडा काढून तिनं गड्ड्यात खुपसला. आकडा लोण्यात जावा तसा आरपार गेला.

"मायचं बेणं," ती म्हणाली.

"पण… बेणं तर चिंचेखाली…"

"चिंचेला उधई लागली तीन वर्सं झाली. मायनंच जागा बदलली, हाती काठी धरून. तिथं नुस्ता पाला हाय, गुरांच्या खाली टाकायला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमाला कुणी सांगितलं न्हाई. तुमी कवा विचारलंच न्हाई."

मकबूलभाईनं गमछा तोंडाला लावला. "भाबी, मी विचारलं होतं. अल्लाकसम, विचारलं होतं."

"तुमची तकसीर न्हाई, मकबूलभाई. भाकर खाऊन घ्या. गार व्हईल."

सृष्टी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडं बघत होती. "बाबा, शिजलं तर काय झालं? आता लावायचं नाही का?"

शिजलेलं रुजत नाही, एवढी साधी गोष्ट त्या मळ्यात आजवर कुणाला बोलून सांगायची वेळ आली नव्हती.

---

वैजनाथनं डिझेलचा कॅन ओट्याशी ठेवला तेव्हा बातमी त्याच्या आधी घरात येऊन बसली होती. त्यानं पाय धुतले, पाणी प्याला, खुंटीवरची टोपी काढून पुन्हा खुंटीला लावली. सोमेश्वर उंबऱ्याशी उभा होता, लहानपणी शाळेतून पळून आल्यावर उभा राहायचा तसा.

"दादा, माझं चुकलं."

"तुझं कसं चुकंल? तू लई हुशार. माय काय म्हणायची, ध्यानात हाय का तुला? जाताना काय म्हणाली होती?"

ध्यानात होतं. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी सखुबाई हळद निवडत बसली होती. हातातला मोठा गड्डा तिनं वैजनाथपुढं ठेवला होता, लांबट हळकुंड सोमेश्वरपुढं, आणि हसत म्हणाली होती, *जेठा राहे घरी, हळकुंड जाई बाजारी.* तेव्हा सगळेच हसले होते.

"हळकुंडाला शिजावं लागतं," वैजनाथ म्हणाला, "वाळावं लागतं. घासून चकाचक व्हावं लागतं. मग भाव येतो. पण रुजत न्हाई ते पुन्हा. तू शिजलेला हायस, सोम्या. तुला रुजायचं काय कळणार?"

सोमेश्वरच्या डोळ्यांपुढं मळा क्षणभर पुसट झाला. इतकी वर्षं तो ज्यातून फिरत होता ती जागा कुठंच नव्हती. फक्त बसच्या त्या सीटवर होती. दादाला हे कसं सांगणार? आणि सांगून तरी काय, दादाचं खरंच होतं.

पण चुलीपाशी बसलेली शकुबाई उठली. इतकी वर्षं ती दोघा भावांच्या बोलण्यात पडली नव्हती.

"त्यांना एकट्याला कशाला बोलून राहिले? त्यांनी आज शिजवलं. तुमी गेल्या वर्षीच शिजवलं."

"म्हंजे?"

"आक्काबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. तुमची सख्खी बहीण. मायच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. काय मागितलं त्यांनी? दागिना? रान? एक टोपलं बेणं मागितलं. साखऱ्याला बोर घेतलाय, दोन सऱ्या लावते म्हणाल्या."

वैजनाथ खुंटीवरच्या टोपीकडं बघत राहिला. "लेकीला बेणं एकदाच देतात. तिला लग्नात दिलं. तीस वर्सं झाली. तिनं ते कोरड्या रानात घालवलं, त्याला मी काय करू? रीत म्हंजे रीत."

"रीत तुमी मोडली असती तर आज आपलं बेणं तिच्याकडं असतं."

सृष्टी मोठ्या आईच्या पदराआड सरकली. आणि सोमेश्वरला आता लपवता येईना.

"वैनी, त्या दिवशी आक्कानं मला फोन केला होता. दादाला समजाव म्हणाली." तो भिंतीशी खाली बसला. "मी मीटिंगमध्ये होतो. मी म्हटलं, आक्का, दादाचं बरोबर आहे. बेण्याला काय रडायचं, बाजारात विकत मिळतं की."

"मंग?"

"तिनं फोन ठेवला. नंतर राखीही आली नाही."

वैजनाथनं प्रथमच भावाकडं पाहिलं. राग होता, पण आता त्या रागात जागा करून त्यानं भावाला शेजारी बसवलं होतं. "मला वाटलं, मलाच आली न्हाई," तो म्हणाला.

शकुबाईनं चहाचं आधण ठेवलं. "आक्काबाईंकडं थोडंफार असंल. असंलच. त्या सखुबाईच्या लेक हायेत."

"साखऱ्याच्या त्या बरड रानात? कशावर जगवलं असंल?"

"मला न्हाई ठाऊक. पण जाऊन विचारायला काय जातं? तोंडच जाईल ना? ते तर तसंबी काळं झालंय दोघांचं." आणि मग कपात चहा ओतताना, कुणाकडं न बघता, ती म्हणाली, "मायनं शेवटी माझा हात धरला होता. शकू, लेकी येतील-जातील, तू राखणदार, म्हणाली. मला उद्या तिच्या फोटोला दिवा लावायचाय."

---

साखऱ्याचा रस्ता तासाभराचाही नाही, पण त्या सकाळी तो सरता सरेना. वैजनाथ मागून आणलेली जीप हाकत होता, शेजारी सोमेश्वर, मध्ये सृष्टी. रानं बदलत गेली. पाटाची हिरवी रानं मागं पडली, तुरीची काटकं आली, मग हरभऱ्याचे घाटे निघून गेलेलं उजाड पिवळं. एरवी सोमेश्वर लेकीला दाखवत सुटला असता, ही बाभूळ, तो ओढा. आज त्याला कशाचीच खात्री नव्हती.

आक्काच्या घराच्या अलीकडं, बोरीच्या झाडाखाली वैजनाथनं गाडी थांबवली. "तुमी जा. मी बसतो हितंच."

"दादा…"

"म्या तिला उंबऱ्यातून लावून दिलं. तिच्या उंबऱ्यात कोण्या तोंडानं जाऊ?"

अंगणात बाजेवर हरिचंदभाऊजी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता वर करून रामराम केला. "या, या, पाव्हणं! शिजली का चांगली?"

सोमेश्वर जागीच थिजला. "तुम्हाला कुणी…"

"मकबूलचा कुकर काल सांजच्याला आमच्या शेजारच्या रानात आला. कुकराच्या आदी बातमी आली. अहो, हैदराबादला बिर्याणी शिजवतात, ठाऊक हाय. बेणं शिजवतात हे आमाला नवीन!"

"गप बसा हो," आतून आवाज आला, आणि आक्का, पद्माबाई, दारात आली. सोमेश्वरला वाटलं, आईच आली. तीच उंची, कपाळावर तेच आडवं गोंदण, पदराचा तोच खोचा. वर्षभरात तिचे केस कानाशी पांढरे झाले होते. तिनं भावाकडं पाहिलं नाही. सृष्टीला जवळ ओढलं, तिची दृष्ट काढत स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "माझं लेकरू ते. केवढी झाली गं! तुझ्या बापाला म्हणावं, बाजारात सगळं मिळतं. बहीणबी मिळती का, बघून ये."

"आक्का, मी…"

"पाणी पी आदी. उन्हाचा आलास."

त्यानं पाणी घेतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "आणि त्यो बोरीखाली कोण ड्रायव्हर बसलाय?"

"दादा आहे."

"व्हय का? मला वाटलं, भाड्याची गाडी केली." ती अंगणाच्या कडेला गेली आणि तिनं अशी हाक दिली की बोरीवरची पाखरं उडाली. "वैज्या! उनात बसून काय तुझं शिजायचं राहिलंय का? ये आत!"

हरिचंदभाऊजी खो-खो हसले. वैजनाथ आला. मान खाली, टोपी हातात. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सहा फुटांचा, पिकल्या मिशांचा माणूस, बहिणीपुढं सात वर्षांचा झाला.

"आक्का, मागायला आलो न्हाई. मागायचं तोंड न्हाई मला. रीत रीत करत बसलो, आणि…"

"रीत बराबर होती तुझी," पद्माबाई म्हणाली. "लेकीला एकदाच देतात. मी चुकून मागितलं. बोर लागला तर हावरी झाले. पण तू काय म्हणलास ते सांग. रीतीचं सोड. तू म्हणलास, आक्कानं मायचं बेणं आमटीत घालून खाल्लं."

वैजनाथ टोपीची कड चिमटीत धरून चोळत राहिला.

"म्हणलो," तो म्हणाला.

"ये माज्या मागं. दोघंबी या."

घराच्या पाठीमागं न्हाणी होती, चार दगडांची, वर उघडी. न्हाणीचं सांडपाणी एका चिंचोळ्या चरातून जाई, आणि चराच्या कडेनं, दीड हात रुंदीच्या ओलीत, हळदीच्या वाळल्या पानांची एक ओळ उभी होती. भोवती काट्यांचं कुंपण. कोंबडीही शिरू नये इतकं दाट.

सोमेश्वर खाली बसला. माती ओली होती.

"तीस वर्सं," पद्माबाई म्हणाली. "हंडा हंडा पाणी डोक्यावर आणलं, तवाबी आंघोळीचं पाणी ह्यालाच. ज्या साली पाणीच न्हाई, त्या साली भांडी राखेनं घासली आणि विसळणं इकडं वतलं."

"आणि माझं काय?" हरिचंदभाऊजी मागून म्हणाले. "साबणाचं पाणी हळदीला चालत न्हाई म्हणून लग्नापासून मी घरात साबण लावला न्हाई. ओढ्यावर जायचो, आता बोरवर जातो. पाव्हण्यांनो, तुमच्या मायच्या बेण्यापायी मी तीस वर्सं उघड्यावर आंघोळ करून राहिलोय!"

सृष्टी खुदकन हसली. मग सगळेच हसले, आणि हसता हसता वैजनाथनं टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत राहिले. पद्माबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. कुंपणाचा काटा सारून ती खुरपं घेऊन बसली आणि खणू लागली. तिच्या ओठांत काहीतरी होतं, स्वतःशीच म्हटल्यासारखं:

*न्हाणीच्या पाण्यावर, डोले हळदीचं पान*
*बया माझी गेली, तिचं राखिलं मी वाण*

पहिला कंद निघाला. तिनं माती झटकली, हळकुंडं मोडून वेगळी केली आणि मधला जेठा गड्डा हातावर घेतला. लहान होता, वाकडा होता. तिनं एक हळकुंड मोडून सोमेश्वरच्या नाकाशी धरलं. आत शेंदरी.

"मग तू त्या दिवशी सांगितलं का नाहीस, आक्का? इथं आहे म्हणून?"

"मी सांगायचं? बहिणीवर इस्वास न्हाई त्याला वाफा दाखवायचा?" ती खणत राहिली. "आणि एवढ्याशा ओळीनं रान भरत न्हाई रे. दोन सऱ्यांना टोपलंभर लागतं. माझ्याकडं ओंजळभर होतं."

ओंजळभरच होतं. जेठे गड्डे तिच्या पदरात गोळा झाले, ओले, मातीचे. वैजनाथनं हात पुढं केला, नकळत. पद्माबाईनं पदर मागं ओढला.

"लेकाला देत न्हाईत."

वैजनाथनं हात मागं घेतला. त्याला दोन मुलगे, नांदेडला शिकत असलेले. घरात लेक नव्हती. सोमेश्वरला वाटलं, झालं, इथंच संपलं. रीत अशीच फिरून येते आणि आपल्याच पायावर पडते.

"सृष्टे," पद्माबाई म्हणाली, "इकडं ये, माय. ओढणी पसर."

सृष्टीनं बापाकडं पाहिलं. तिनं ओढणीची दोन टोकं धरली. पद्माबाईनं कमरेची चंची सोडून तिच्या कपाळाला चिमूटभर हळद लावली आणि एकेक गड्डा ओढणीत घातला. निम्मे स्वतःच्या पदरात ठेवले.

"निम्मे माझे," वैजनाथकडं बघून ती म्हणाली. "चालतंय ना रीतीत?"

"तुझंच हाय समदं," वैजनाथ म्हणाला. "मी कोण?"

"आता आलास ठिकाणावर." ती सृष्टीकडं वळली. "हे आता तुझं. तुझ्या मोठ्या बाबाच्या रानात लाव, मोठी आई राखील. तीन वर्सांत अर्धा एकर भरंल. पण लावायला तूच यायचं. बाप आला न्हाई तरी तू यायचं."

"जून में स्कूल सुरू होतं, आत्या."

"त्याच्या आधी, सुट्टीत. उनाळ्याच्या."

"मग येते." तिनं ओढणीत डोकावून पाहिलं. "दरवर्षी?"

"दर वर्सी."

"ओके," सृष्टी म्हणाली, जणू कुणीतरी तिला फक्त शेजारच्या दुकानात पाठवत होतं.

---

परतताना वैजनाथच्या मनगटाला आणि सोमेश्वरच्या मनगटाला गेल्या वर्षीच्या राख्या होत्या. आक्कानं त्या पेटीच्या तळाशी पुडीत ठेवल्या होत्या, बांधताना नुसतं म्हणाली, "शिळ्या हायेत. चालवून घ्या." गाडीत सृष्टी मध्ये बसली होती, दोन्ही हातांनी ओढणी पोटाशी धरून. गाडीभर ओल्या मातीचा वास सुटला होता. सोमेश्वरनं सवयीनं डोळे मिटले आणि मग उघडले. बाहेर रान होतं. ते त्यानं बघितलं.

"काल बोलू नये ते बोललो," वैजनाथ रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला.

"खरं ते बोललास, दादा."

"समदं खरं न्हाई." त्यानं सृष्टीकडं मान केली. "शिजलेल्याच्या पोटी हे कसं आलं मंग?"

मळ्यालगतच्या घराच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. काल शिजवलेले गड्डे अंगणात वाळत पडले होते. शकुबाईनं त्यातला एकही टाकला नव्हता. ती दारात उभी होती. कुणी काही सांगायच्या आत तिनं ओढणीचा जडपणा पाहिला आणि भिंतीला हात टेकला.

सृष्टी उतरली. चार पावलं चालली, थांबली, बांधाच्या टोकाला पाहिलं. तिथं चिंच पसरून बसली होती, कालच्या गोष्टीतल्यासारखी.

"बाबा, हे कुठं ठेवायचं? चिंचेखाली ना?"

सोमेश्वरच्या ओठांवर उत्तर आलं. एकोणीस वर्षांचं, पाठ असलेलं. त्यानं ते गिळलं.

"मला माहीत नाही, बाळा," तो म्हणाला. "मोठ्या आईला विचार."